गुडघ्यातल्या गादीचं जेवण

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, पण खोडलं नाही. हे पत्र हातात पडल्यावर तू हसशील. मी तुझ्याच घरात उतरलेय, सकाळी आपण एकाच टेबलावर चहा प्यायलो, आणि ही बया दुपारी ऑफिसात येऊन पाकीट ठेवून जाते! पण दुसरा इलाज नाही. तोंडावर बोलायला गेले की तू 'बरं बरं' म्हणत फोनकडे बघतोस, मग माझा आवाज चढतो, आणि मग वहिनी आतून म्हणते, हळू बोला, आईंना ऐकू जातंय. कागदावर मला कोणी हळू बोल म्हणणार नाही. तेव्हा केबिनचं दार लाव आणि शेवटपर्यंत वाच. घरी जायच्या आधी वाच, एवढं मात्र ऐक.

आधी मळमळ काढून टाकते, मग मुद्द्याचं. दादा, तुझ्या घरात पाऊल टाकल्यापासून मला शिसारी येतेय. तसं घर चकाचक आहे, वहिनीला नावं ठेवायला जागा नाही. मी आईच्या खोलीबद्दल म्हणतेय. दार उघडलं आणि तो वास अंगावरच आला. बाम, नासत आलेलं दूध, ती गुडघ्यांची पावडर, कित्येक दिवसांत न उघडलेली खिडकी आणि पलंगाखालचं भांडं. हो, भांडं. बाथरूम चार पावलांवर, आणि आपली आई, जिने जन्मात कधी स्वतःचे कपडे दुसऱ्याला धुवू दिले नाहीत, ती परक्या बाईसमोर भांड्यात... शी! मला लिहवत नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध ती, गुडघ्याखाली दोन उशा, अंगावर मखमली पांघरूण, ओठांवर सुपाच्या चरबीचा पांढरा थर वाळलेला. मला बघून हसली तेव्हा तो थर तडकला. आणि तू मागून म्हणालास, बघ, कशी राणीसारखी ठेवलीय! त्या क्षणी वाटलं, ती सुपाची वाटी तुझ्या डोक्यावर उपडी करावी. राणी कसली घेऊन बसलास? हे असंच चाललं तर आपली आई पुन्हा स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये. गुडघे हाच माझा रोजचा धंदा आहे.

या धंद्याचंही हसूच येतं. लहानपणी दुधावर साय दिसली तरी मला उमासे यायचे. तू माझ्या कपातली साय बोटाने उचलून गट्ट करायचास आणि वर पांढरी जीभ काढून दाखवायचास, घाणेरड्या. 'नाकमुरडी' हे नाव तूच पाडलंस. आणि नाकमुरडीच्या नशिबी काय आलं, तर मेंढ्यांचे गुडघे! खाटकाकडून पिशवी येते, मी हातमोजे घालते आणि सांधा उघडते. आत तो चिकट द्रव असतो, अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, बोटांमध्ये तार धरणारा. इतकी वर्षं झाली तरी पहिल्या मिनिटाला नाक मुरडतंच. मग हाडाच्या टोकावरची ती गुळगुळीत पांढरी गादी दिसते, आणि मी वास विसरते. पुस्तकात तिला कूर्चा म्हणतात, तुमचा हाडांचा डॉक्टर कार्टिलेज म्हणतो, मी आपली गादी म्हणते. तिच्या चकत्या कापायच्या, छोट्या बशांमध्ये गुलाबी पोषक पाण्यात ठेवायच्या, आणि त्या जगतात की मरतात, वाढतात की झिजतात, ते बघत बसायचं. आई नातेवाइकांना सांगते, आमची मुलगी गुडघे पिकवते.

आता थोडं शास्त्र ऐकून घे. मला माहीत आहे, तू म्हणशील, लागली शिकवायला. शिकवतेच आहे. या गादीत रक्तवाहिनी नसते. एकसुद्धा नसते. बाकी शरीराला रक्त घरपोच डबा पोचवतं, हिच्या दारापर्यंत ते जातच नाही. हिचं जेवण असतं ते भोवतीच्या त्या चिकट द्रवात. आणि तेही आपोआप तोंडात पडत नाही. गुडघ्यावर वजन आलं की गादी दाबली जाते, आतलं वापरलेलं पाणी बाहेर पडतं. वजन उठलं की ती सैल होते आणि ताजं पाणी आत ओढून घेते. भांडी घासायचा स्पंज कसा दाबून सोडला की पाणी पितो, तसंच. चालणं-उठणं-बसणं हेच तिचं चावणं आणि गिळणं. पाय हललाच नाही तर भोवतीच्या पाण्यात कितीही सकस काही असलं तरी ते तिथेच राहतं आणि गादी उपाशी राहते. लाडाने उपाशी राहते, पण उपाशीच.

खोटं वाटत असेल तर आमच्याकडे मागे झालेला प्रकार सांगते. प्रयोगशाळेत चकत्या दाबायचं एक यंत्र आहे. बशीतल्या चकतीवर छोटा दट्ट्या उतरतो, दाबतो, उठतो, पुन्हा उतरतो. दिवसभर टक टक, टक टक. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते, आणि आमच्या मॅडमच्या डोक्यात आलं की ही टकटक बरी दिसत नाही. शिवाय दाबलेल्या चकत्या चपट्या आणि मळकट दिसतात, फोटोत उठून दिसत नाहीत. झालं! यंत्र बंद करा आणि खाणं वाढवा, असा हुकूम सुटला. साखर दुप्पट, वासराच्या रक्तातून काढतात ते पिवळं पाणी दुप्पट. मी नको म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, अगं, आपण काय त्यांना उपाशी ठेवतोय का? चकत्या अशा टम्म फुगल्या म्हणून सांगू! पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत. पाहुण्यांनी माना डोलावल्या, मॅडमनी केक कापला. पाहुण्यांची पाठ वळल्यावर मी एक चकती चिमट्यात धरली, तर चिमटा सरळ आत घुसला, भिजलेल्या पावात घुसावा तसा. दुसरी उभी चिरली. कडेकडेने जिवंत आणि मधोमध मेलेली. पिवळट, चिकट, घाण पाणी सुटलेलं. खाणं कडेपर्यंतच पोचत होतं, आत ढकलणारं कोणी नव्हतं. वास आला तशी मी सिंककडे धावले आणि केकसकट सगळं बाहेर काढलं. गंमत म्हणजे मागच्या खोलीतलं जुनं यंत्र बंद करायचं सगळे विसरले होते. तिथल्या चकत्या साध्या पाण्यावर होत्या, दिसायला कुरूप, पण नखाने दाबलं तरी बोटाला दाद देत नव्हत्या.

हे सगळं तुझ्या घरात पुन्हा बघायला लागेल असं मला वाटलं नव्हतं. आई जिन्यावर घसरली तेव्हा मी आले होते, आठवतंय ना? डॉक्टरने तिच्या गुडघ्यात सुई घातली आणि सिरिंजमध्ये तो द्रव भरत गेला, पिवळा, गढूळ. तू भिंतीकडे तोंड केलंस. मी मात्र बघत होते, माझी नजर हटत नव्हती, कारण तो द्रव मला रोजच्या ओळखीचा, पण तो आईचा असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टर तेव्हाच म्हणाला होता, हाड मोडलेलं नाही, सूज आहे. थोडे दिवस आराम द्या आणि मग हळूहळू चालवायला लागा. तुझ्या कानाने 'आराम' एवढाच शब्द घेतला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मी फोनवर विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. अरे, पण मुंगी चालते तरी! तू तर आईला बाथरूमपर्यंतही चालू दिलं नाहीस.

आणि तुझा तरी काय दोष म्हणा, लिफ्टवाला तू. ज्याचं पोटच मुळी लोकांना जिना चढू न देण्यावर चालतं, त्याला आईची माया करायची तर दुसरं काय सुचणार? आणला पलंग, बटण दाबलं की वर होणारा. आणली दिवसभराची बाई. आणि तो तुझा मित्र, पावडरवाला, त्याला कुठून पकडलंस? डब्यावर एक पांढऱ्या केसांचा म्हातारा हवेत उडी मारतोय, आत कुटलेल्या हाडांचा भुगा. तो दुधात कालवून तू आईला सकाळ-संध्याकाळ पाजतोस आणि वर पायाचं सूप. दादा, दिवसभर मी ज्या जनावराचे गुडघे चिरते, त्याचेच खूर तुझ्या स्वयंपाकघरात भांड्यात तरंगताना दिसले. मी जेवले नाही त्या दिवशी, वहिनीला वाटलं रुसले. हाडं खाऊन हाडं होत असती तर गवत खाऊन मेंढी हिरवी झाली असती. पोटात गेलं की ते नुसतं अन्न, त्याला गुडघ्याचा पत्ता कोणी सांगत नाही. आणि पोचलंच काही त्या द्रवापर्यंत, तरी पुढे काय? हलवणार कोण? साखरेचं दूध पाजून पाजून तिची पोटावरची चरबी मात्र वाढलीय.

सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? मशीनचा. गॅलरीत प्लास्टिक घालून ठेवलीस आणि वर कुंड्या मांडल्यास. आईची शिलाईची मशीन, दादा! जिच्या पायपट्टीवर तिने आपल्या दोघांच्या जन्मापासून पाय हलवला. आख्ख्या पेठेचे पडदे शिवले त्या बाईने. तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे 'म्म' आणि 'म्म्म' यातला फरक आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून कळायचा. एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीला टोचायला लागली की समजायचं, आता तोंड मोकळं होणार आणि आपली धडगत नाही. आणि लांब पडदे असले की तुझं काम ठरलेलं. बुटक्या स्टुलावर बसून पडद्याचं दुसरं टोक धरायचं, जमिनीला लागू द्यायचं नाही. ती शिवत यायची आणि तू कापड सोडत जायचास आणि शाळेतल्या थापा मारत राहायचास. मी धरायला आले तर मला हाकलायची, म्हणायची, तू कापडालासुद्धा नाक मुरडतेस. मला तेव्हा तुझा फार राग यायचा. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

आल्या दिवशी तू कामाला गेलास आणि मी तिचं पांघरूण उचललं. पोटरी कुठे आहे ते शोधावं लागलं. हाडावर नुसती कातडी लोंबतेय, रिकाम्या बाहीसारखी. गुडघा वाकवायला गेले तर थोडा वाकला आणि अडला, आत काहीतरी कट् वाजलं आणि आई कळवळली. मी तशीच उठून डॉक्टरकडे गेले. त्याने आधी ओळखलंच नाही, मग म्हणाला, म्हणजे अजून झोपवूनच ठेवलंय? मी तर समजलो चालत असतील, म्हणून दाखवायला आणत नसाल! मग त्याने स्पष्टच सांगितलं. गादी अजून शाबूत आहे, पण रोज थोडी थोडी मरतेय. सांधा असाच आखडत गेला तर पुढे औषध नाही आणि या वयात चिरफाड करायला मी धजणार नाही. आता उठल्या तर उठल्या, नाहीतर त्या पलंगावरच. मी फी ठेवली आणि रस्ताभर तुला शिव्या देत आले.

आता जे लिहितेय ते न लिहिण्याची आईने मला शपथ घातलीय. तिचीच. पण शपथ मोडून माणूस मरत असतं तर आपल्या घरात आतापर्यंत कोणी उरलं नसतं, तेव्हा लिहिते. त्या बाईला मी पगारी सुट्टी देऊन टाकली हे तुला माहीत आहे. दुसऱ्या दुपारी मी जेवून आडवी झाले होते. घर शांत. पावलांचा घासत जाणारा आवाज आला म्हणून दाराच्या फटीतून पाहिलं, तर आई उभी! भिंतीला धरून, दातावर दात आवळून, खिडकीपर्यंत गेली. खाली रस्त्यावर बघत राहिली. मग तशीच परत आली, पाय उचलून उशांवर ठेवला आणि पांघरूण नीट केलं. संध्याकाळी तुझी किल्ली दारात फिरली मात्र, आणि बाईसाहेब विव्हळायला लागल्या. तू वाटी घेऊन धावलास. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! इतके दिवस मी तुझ्यावर जळत होते, आणि इथे तर दोघांचंही संगनमत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं घराबाहेर पडलात आणि मी सुटले. खिडकी उघडली, भांडं उचलून बाथरूममध्ये आदळलं, पांघरूण ओढून काढलं आणि तोंडाला येईल ते बोलले. आई, तुझी मला किळस येते, असंसुद्धा बोलले. चकत्यांची सगळी गोष्ट सांगितली, मधोमध मेलेल्या. म्हटलं, पाय उचलत होता तेव्हा उचलला नाहीस, आता तो खरंच मरतोय, खोटं दुखणं खरं होत चाललंय, आणि नाटक कोणासाठी करतेस? ती ओठ घट्ट मिटून बसली, तोंडात टाचण्या असल्यासारखी. मग म्हणाली, तो येतो गं.

मला कळलंच नाही. कोण येतो? तर म्हणाली, तुझा दादा. आधी घरात शिरला की बूट, सोफा, फोन. मी मशीनवर असायचे, मला त्याची पाठ दिसायची. काही विचारलं तर हं. जेवताना हं. आता बूटसुद्धा न काढता आधी इथे येतो. पलंगाच्या कडेला बसतो, वाटी धरतो. कुठली लिफ्ट कुठे अडकली, आत कोण होतं, कोण रडलं, सगळं सांगतो. परवा तर इतका हसला की सूप सांडलं माझ्या अंगावर. ते सूप मला अजिबात आवडत नाही, तोंडात चिकटतं. पण मी बरी झाले की तो बसेल का इथे? आणि मग, तू खुर्ची घट्ट धरून वाच, मग म्हणाली, पाय गेला तर गेला. पायाने मी जाऊन जाऊन जाणार कुठे?

दादा, मी रडले. नाकमुरडी पार नाक गळेपर्यंत रडली. आणि मग पुन्हा शिसारी आली, पण या वेळी वासाची नाही. दोन कर्ती-सवरती मुलं असलेल्या बाईला मुलाचा अर्धा तास मिळवायला स्वतःचा पाय द्यावा लागतोय, याची शिसारी. तुझी आली, तिची आली, आणि दर रविवारी फोनवर 'जेवलीस का' विचारून ठेवून देणाऱ्या माझीही आली. तिला कुठल्या पाण्यात जगायला ठेवलं होतं आपण, सांग ना? आधी कोरड्यात, मग साखरेत. तू फार प्रेम करतोस तिच्यावर, हे मला दिसतंय, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. पण तुला ते फक्त आजारी माणसावरच करता येतं.

तेव्हापासून आम्ही तुझ्या मागे उद्योग चालवलेत. वहिनीला पहिल्याच दिवशी कळलं, कारण कुंड्या हलवल्याची माती तिला गॅलरीत दिसली. दुसऱ्या दिवशी बघते तर मशीनला तेल घातलेलं, चाक पुसलेलं. मी मनात म्हटलं, घरातलं शहाणं माणूस हेच. आधी आईला पलंगाच्या कडेला बसवून नुसता पाय झुलवायला लावला. काय शिव्या घातल्या मला! हिला मेंढ्या पुरल्या नाहीत, आता मी सापडले, म्हणाली. मग खुर्ची, मग मशीन. दोरा नाही, सुई नाही, नुसती पायपट्टी. खाली, वर. पहिल्यांदा गुडघा कटकटला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मी म्हटलं थांब, तर म्हणाली, तू गप्प बस, तुला मशीनमधलं काय कळतं. आणि तो आवाज सुरू झाला, खडखड खडखड. आमचा दट्ट्या इतकी वर्षं ऐकतेय, पण त्या आवाजाने कधी मला इतका आनंद झाला नव्हता. वजन थोडंच पडतं, सांधा मात्र पुरता हलतो, गादीला एकेक घास मिळतो. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, यापेक्षा चांगला व्यायाम मीसुद्धा सांगितला नसता. काल ती माझा हात न धरता बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. कडी लावल्याचा आवाज ऐकून मी बाहेर उभी राहून हसत होते. आज तू बाहेर पडलास तसं भांडं मी कचऱ्यात टाकलं, पावडरचा डबाही. मित्राला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

आता हे पत्र कशासाठी, ते. आज संध्याकाळी तू येशील तेव्हा पलंग रिकामा असेल. घाबरून ओरडू नकोस. आई हॉलमध्ये असेल, मशीनवर. हे तिनेच ठरवलंय, पण सकाळपासून ती धास्तावलीय. तू रागावशील याची तिला काही भीती नाही, तुझ्या रागाला ती कधीच भ्यायली नाही. तिला भीती आहे ती तू खूश होशील याची. खूश होशील, वा आई, बरी झालीस की, म्हणशील, पाठीवर थोपटशील आणि सोफ्यावर जाऊन फोन उघडशील. तसं झालं तर उद्या ती पुन्हा उशांवर पाय ठेवून विव्हळायला लागेल, आणि मग मी काय, तुझा डॉक्टर काय, कोणी तिला उठवू शकणार नाही. तिला हे तुला सांगता येत नाही, आणि सांगावं लागू नये अशी तिची इच्छा. म्हणून मी सांगतेय, नाहीतर मला कुठे हौस आलीय तुला पत्रं लिहायची! वहिनीने हॉलचाच मोठा पडदा काढून त्याची खालची शिवण उसवून ठेवलीय. माळ्यावरून ते बुटकं स्टूल मी खाली काढलं, तुला आता त्यावर बसता येईल का शंकाच आहे, पण बस. सूप नको, वाटी नको, रिकाम्या हाताने ये. लिफ्टमध्ये कोण अडकलं ते सांग. पडद्याचं दुसरं टोक जमिनीवर लोळत असेल, ते तेवढं उचल.

तुझीच,
नाकमुरडी